अण्णांच्या चौदा फ्लॉप्या

रंगराव अण्णा कुठल्याही मांडवात शिरले की आधी सगळ्यात मागं जाऊन उभे राहायचे. नवरदेव कुठं बसणार, पाहुणे कुठं बसणार, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. आचाऱ्याच्या चुलीपलीकडं, जिथं भांडी घासणाऱ्या बायका बसतात, तिथं जाऊन ते मान वाकडी करून डावा कान पुढं करत. उजव्या कानाला कमी ऐकू यायचं. तीस-पस्तीस वर्षं लग्ना-जत्रांत भोंगे लावून त्यांच्याशेजारी बसल्यावर दुसरं काय होणार? मग स्टेजवर आवाजाचं बटण धरून बसलेल्या माणसाला हात वर करून खूण करत. अजून. अजून. बास. त्यानंतरच लग्नाचं बाकीचं सुरू.

एका लग्नात पुढच्या कोचावर बसलेल्या कुठल्याशा चेअरमनांनी आवाज कमी करायला सांगितला. अण्णा हात जोडून म्हणाले, "सायेब, तुमी पुढं बसलाय म्हणून मोठा वाटतोय. मागं येऊन बसा, बरोबर हुईल." चेअरमनांचा चेहरा असा काही झाला, की यजमान मध्ये पडले नसते तर अण्णांचा सगळा सरंजाम त्याच दिवशी रस्त्यावर आला असता. आवाज मात्र कमी झाला नाही.

अण्णांचं गाव विट्याकडचं. भावकीतली निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. हे एकटेच भोंगा, रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि रेकॉर्डींच्या पेट्या घेऊन माधवनगरला येऊन राहिले. सांगलीत माझं डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिकांचं काम जास्त, त्यामुळं आमची गिऱ्हाइकं एकच. मला ते ताई म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण चुकूनही अगं-तुगं केलं नाही. रागावले तरी "आवं ताई" असंच रागवायचे.

आणि रागवायचे फार. कुणी रेकॉर्डवर बोट ठेवलं की संपलंच. घरी प्रत्येक रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्यानं धुतलेली, प्रत्येक पाकिटावर त्यांच्या मोठ्या, गोलसर अक्षरात लिहिलेलं: मिनिटाला फेरे किती, सुई कोणती, कुठं टक्क वाजते. वापरून झालेली सुई ते एका डबीत टाकत आणि ती डबी कुलपात ठेवत, कारण जुनी सुई कुणी उचलून परत लावली तर? त्यांच्या लेखी तो खुनाइतका मोठा गुन्हा होता.

अठ्ठ्याण्णव साली मी आवाजाचं कार्ड असलेला नवा संगणक घेतला आणि अण्णांनी दुकानात ठाणच मांडलं. लग्नांत आता कॅसेटी वाजत होत्या, रेकॉर्डी झिजत चालल्या होत्या. या पेटीत आवाज भरून ठेवता येतो हे कळल्यावर ते रोज दुपारी एक-एक रेकॉर्ड छातीशी धरून यायचे. ते मशीन लावायचे, मी वायर जोडायची, आणि गाणं माझ्या डिस्कवर उतरायचं. उतरायचं ते वेव्ह फाईल म्हणून. म्हणजे आवाज जसा आला तसा, आख्खा. तीन मिनिटांच्या गाण्याला सोळा-सतरा एमबी. माझी सगळी डिस्क दोन जीबीची. महिन्याभरात माझ्या पत्रिकांना बसायला जागा उरली नाही.

तेवढ्यात पुण्याहून एकाने मला एमपी-थ्रीचा प्रोग्राम आणून दिला. तेच गाणं दहाव्या हिश्शात! मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. मी एक गाणं रात्रभर यंत्राला लावून दाबून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना दोन्ही ऐकवली. कोणतं कोणतं ते सांगितलं नाही. म्हटलं, ओळखा.

त्यांनी डोळे मिटले, डावा कान स्पीकरला लावला. दोन्ही संपल्यावर म्हणाले, "पयल्यात बाई गायच्या आदी श्वास घेतीया. दुसऱ्यात न्हाई घेत. काय केलंसा तिच्या श्वासाचं?"

मी समजावलं, की अण्णा, कानाला ऐकू येत नाही तेवढंच हे यंत्र काढून टाकतं.

"कुणाच्या कानाला?"

"माणसाच्या."

"कुठं बसलेल्या माणसाच्या?"

 मी चिडले. म्हटलं, "अण्णा, तुम्हाला काय जातंय बोलायला? डिस्क माझी भरतेय." ते रेकॉर्ड पाकिटात घालून निघून गेले, आणि चार दिवस फिरकले नाहीत.

पाचव्या दिवशी आले ते एका फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन. रेकॉर्डच होती, पण त्यांच्या बाकीच्या रेकॉर्डींसारखी नव्हती. पातळ पत्र्याची, वर काळा लेप, आणि तो लेप जुन्या भिंतीच्या रंगासारखा जागोजागी सुटत आलेला. अण्णांनी ती फडक्यासकटच टेबलावर ठेवली, तेव्हाच मला कळलं की आजचं काम वेगळं आहे.

माण तालुक्यातल्या एका वाडीची, बत्तीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट. अण्णा विशी-बाविशीचे, जत्रेत भोंगा लावायला गेलेले. तिथल्या एका घरी फौजेतल्या मुलाचं पार्सल आलं होतं. छावणीत कुठलंसं यंत्र आलं होतं, जवानांनी त्यात बोलायचं आणि तो आवाज असा पत्र्यावर उमटून घरी जायचा. पत्र आलं, पण वाजवायचं कशावर? म्हातारा-म्हातारी अण्णांकडं आले. अण्णांनी मशीन त्यांच्या सोप्यात नेलं आणि वाजवलं. आई रडली, वडील हसले. मुलगा पुढं परत आलाच नाही. म्हातारीनं ती तबकडी ट्रंकेच्या तळाशी घातली आणि मरेपर्यंत कुणाला काढू दिली नाही. आता ती त्याच्या बायकोच्या हाती आली होती. अनसाबाई. दहिवडीच्या बाजारात तिनं अण्णांना भोंगा लावताना ओळखलं आणि विचारलं, "ह्ये परत वाजंल का?"

"मी व्हय म्हणून बसलोय," अण्णा मला म्हणाले. "पर ताई, ह्ये एकदाच वाजणार. सुई फिरंल तसा लेप सुटत जाणार. एकदाच."

पंखा बंद केला, नाहीतर सुटलेले पापुद्रे उडाले असते. दाराला आतून कडी घातली. अण्णांनी पहिल्यांदाच रिठ्याचं पाणी बाजूला ठेवलं, नुसती कोरडी फुंकरसुद्धा मारली नाही. त्यांनी सुई ठेवली आणि मी बटण दाबलं. खरखर एवढी, की शेतात गोफण फिरवावी. त्यातून एक तरणा आवाज हळूहळू वर आला. आई, आबा, मी बरा हाय. थंडी लय हाय. बैलाच्या खुरास्नी तेल लावा. धाकट्याला शाळंतनं काढू नका. शेरडं इकू नका, पाऊस पडंल. सुईच्या मागं काळा चुरा पडत होता, ते अण्णा बघत होते आणि मी पडद्यावरची हिरवी रेघ बघत होते. शेवटी तो म्हणाला, बरं, थांबतो, येळ झाली. मग दोन खोकले, आणि सुई पत्र्यावर घासली.

अण्णांनी सुई उचलली. तबकडीच्या निम्म्या भागावर नुसता पत्रा चमकत होता.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

फाईल वीस एमबीची झाली. अण्णा म्हणाले, ही मला घरी न्यायची. मी सांगितलं, एका फ्लॉपीत दीडसुद्धा एमबी मावत नाही, चौदा फ्लॉप्या लागतील. ते गेले आणि चौदा घेऊन आले. मी म्हटलं, निदान झिप करू, गाठोडं बांधल्यासारखं होईल, दोन-तीन वाचतील.

"न्हाई. गाठोडं न्हाई, दाबायचं न्हाई. हाय तसं कापा, सरळ तुकडं."

मी सरळ तुकडे केले. त्यांनी प्रत्येक फ्लॉपीवर ऑइल पेंटनं आकडा घातला आणि डब्याच्या झाकणावर, रेकॉर्डच्या पाकिटावर लिहीत तसं, मला विचारून विचारून आवाजाची मापं लिहिली: वेव्ह. सरळ. एकेरी. ४४. १६. मला हसूच येत होतं. फ्लॉपीचा काय संसार मांडलाय या माणसानं!

ते गेल्यावर मी माझ्या पद्धतीनं काम केलं. खरखर घासून काढली. रिकाम्या जागा कापल्या. शेवटचे दोन खोकले कापले, कारण खोकला कोण ऐकतं? मग दाबून एमपी-थ्री केली, ती एका फ्लॉपीत बसली, आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की सांगायची सोय नाही. पुढच्या आठवड्यात एका दिवाळी अंकाचं काम आलं, तेव्हा मोठी फाईल पुसून टाकली. अण्णांकडं होतीच की.

दिवाळीनंतर अनसाबाई आल्या. अण्णांनी त्यांना दंडाला धरून माझ्या दुकानाची पायरी चढवली, गुडघे पार गेलेले. बरोबर पुतण्या होता, त्याचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात. चारची एसटी होती. खुर्चीवर बसताना बाई म्हणाल्या, "परत येनं काय हुयाचं न्हाई बया. पाय ऱ्हायलं न्हाईत."

मी मोठ्या तोऱ्यात माझी स्वच्छ केलेली फाईल लावली. आवाज खरंच छान आला. खरखर नाही, काही नाही. आई, आबा, बैल, धाकटा, शेरडं. बाई हलल्याही नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होत्या. शेवट जवळ आला तशा त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या, उठायच्या बेतात असल्यासारख्या. बरं, थांबतो, येळ झाली. आणि संपलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "फुडं?"

"एवढंच होतं मावशी."

"न्हाई. अजून हाय."

"काकी, संपलं म्हंत्यात न्हवं," पुतण्या म्हणाला. "चला, एसटी जाईल."

बाई अण्णांकडं वळल्या. पण त्यांच्याकडं न बघता, खाली फरशीकडं बघून बोलल्या. "तवा तुमी वाजिवलं, मी दाराआड हुते. सासू-सासऱ्याम्होरं माजं नाव कसं घ्यावं त्यांनी? सगळ्यांचं घेतलं, शेरडाचं बी घेतलं. पर घरी आलं की उंबऱ्यात दोन येळा खाकरायचं. म्हंजी मी पान्याचा तांब्या घ्यून उठायचं. तसं शेवटी खाकारलं हुतं. कुनाला न्हाई कळलं. मला कळलं."

 बत्तीस वर्षांपूर्वी त्या बाईला पत्रातून जो शब्द आला होता, तो मी माऊसनं खरवडून काढला होता. आणि मीही कुणाची तरी सून होते. पण आमच्या घराला बेल होती, मला कसं कळावं! खरं सांगायचं तर तेव्हा असली कुठलीच सबब सुचली नाही. मी अण्णांना म्हटलं, "मी कापलं ते. मला खोकला वाटला."

अण्णा ओरडतील याची मी वाट बघत होते. ते ओरडले नाहीत. पायांत चपला सरकवत म्हणाले, "डबा घिऊन येतो. मावशी, हलू नगा."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. माधवनगरपर्यंत त्यांच्या लुनाला जायला-यायला पाऊण तास. तो पाऊण तास आम्ही तिघं एकमेकांकडं न बघता बसलो. मी चहा मागवला, बाईंनी घेतला नाही. पुतण्यानं दोन्ही घेतले.

तीनला पाच कमी असताना अण्णा आले, घामाघूम. त्यांनी पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. फ्लॉप्या रेकॉर्डींसारख्या उभ्या रांगेत लावलेल्या, क्रमानं. आणि रांगेच्या मध्यावर, एका बाजूला अगदी चिकटून, भोंग्याच्या मागं बसवायचं, आवाज काढणारं युनिट. अडीच-तीन किलोचं, काळं.

"अण्णा, हे यात का?"

"ह्यो डबा माझा सगळ्यात जपून ठेवायचा. युनिट ह्यातच असतं, कुनाचा हात लागत न्हाई. म्हणून फ्लॉप्या बी..."

"युनिटमध्ये लोहचुंबक असतं ना?"

"असतंयच की. त्याबिगर..." आणि ते थांबले. फ्लॉपीवरचं लिखाण चुंबकानं पुसतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पण भोंग्याच्या माणसाला माझ्या तोंडाकडं बघून कळलं. ते स्टुलावर बसले. "माझ्या हातानं," एवढंच म्हणाले.

मी पहिली घातली. कर्र कर्र करत यंत्रानं ती वाचली. दुसरी वाचली. तिसरी. प्रत्येकीला मिनिटभर. पाचवी अडखळली, पण आली. सहावी आली नाही. काढून पुसून परत घातली, तरी नाही. सातवी नाही. आठवी नाही. पुतण्या उठून दारात जाऊन उभा राहिला. तीन पंचवीस.

नववी परत वाचता आली, पण जोडणारा प्रोग्राम अडून बसला. सहावा तुकडा द्या, नाहीतर पुढं जाणार नाही.  झिप केलं असतं तर इथंच राम म्हणायची वेळ होती, कारण गाठोड्याची एक गाठ गेली की मागचं सगळं जातं. पण हे गाठोडं नव्हतं. सरळ तुकडे होते, एकामागं एक ठेवलेले, एकाचं दुसऱ्यावाचून अडणारं नव्हतं.

"अण्णा, चौदावी द्या."

ती रांगेत सगळ्यात मागं होती, युनिटापासून सगळ्यात लांब. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून दिली. कर्र कर्र. आली. मी ती नुसतीच आवाजाच्या प्रोग्राममध्ये उघडायला गेले, तर त्यानं विचारलं, हा आवाज कोणत्या मापाचा आहे? फाईलची मापं जिथं लिहिलेली असतात ते डोकं या तुकड्याला नव्हतं, सांगणार कोण? महिनाभरापूर्वीचं मला काही आठवेना. घड्याळात साडेतीन. तेवढ्यात अण्णांनी डब्याचं झाकण माझ्यासमोर उलटं धरलं. वेव्ह. सरळ. एकेरी. ४४. १६. मी तसंच्या तसं भरलं. पडद्यावर हिरवी रेघ उमटली.

"मावशी," मी म्हटलं, "लावू?"

त्यांनी मान हलवली. मी बटण दाबलं. आधी ती गोफणीसारखी खरखर. ती मी काढली नव्हती, आणि आता मला ती किती बरी वाटली. त्यातून, बरं, थांबतो, येळ झाली. मग क्षणभर नुसती खरखर. मग दोनदा, उंबऱ्यात उभं राहून खाकरावं तसं.

अनसाबाई उठून उभ्या राहिल्या. कुणाचा हात न धरता, गुडघे न सावरता, एका झटक्यात. उजवा हात बाजूला गेला, तांब्या असतो तिथं. तिथं माझा कीबोर्ड होता.

त्या तशाच उभ्या होत्या आणि मला त्यांच्याकडं बघवेना. अण्णांना काहीतरी म्हणायला मी वळले, तर स्टूल रिकामं. बाहेर आले. पुतण्या पायरीवर बसला होता, आता तोही घड्याळाकडं बघत नव्हता. अण्णा रस्त्यापलीकडं, पानपट्टीच्याही मागं जाऊन उभे होते. मांडवात शिरल्यावर जसे सगळ्यात मागं जाऊन उभे राहायचे, तितके लांब. मला वाटलं, सवयीनं आवाज तपासायला गेले असतील. मी रस्ता ओलांडून गेले.

"अण्णा, एवढ्या लांब ऐकू आलं?"

"न्हाई. ऐकू यीऊ नये म्हणून आलो." ते दुकानाकडं पाठ करूनच बोलत होते. "आपल्याला न्हाई ताई ते. मागच्या येळंला मी यडा तिथंच बसलो हुतो, मशीनपाशी. ह्या खेपंला न्हाई." मग विचारलं, "मावशींला आलं का?"

"उभ्या राहिल्या," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली, तोंडावरून फिरवली, परत घातली. "मग परत लावा की. चारच्या गाडीला येळ हाय अजून. तेवढंच लावत ऱ्हावा. मी हितंच हाय."

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मांडवात, बाजारात, लुनावर मी त्यांना शेकड्यांनी वेळा पाहिलं असेल. पण डोळ्यांसमोर येतात ते असे. मी दुकानात जाऊन परत बटण दाबलं आणि काचेतून पाहिलं, तर रस्त्यापलीकडं अण्णा पाठमोरे उभे होते, आणि चांगला होता तो डावा कान त्यांनी तळहातानं गच्च दाबून धरला होता.